ओझेला टार्पलीने चढवलेली पट्टी

ओझेला टार्पली ऑर्गनवर बसली, की तिची पाठ बघूनच लोक शहाण्यासारखे वागायचे. रेव्हरंड डॉकेटसुद्धा. प्रवचन फार लांबलं, की बाई पायाखालची एकच पट्टी दाबून धरायची, घुऽऽम करून, आणि रेव्हरंड घाईघाईने आमेन म्हणून मोकळे व्हायचे. माउंट नीबो चर्च कागदावर कुणाचंही असो, साउथ मेम्फिसमधला रविवार ओझेलाचा होता.

बाकीचे दिवस ती लाँड्रीत गोऱ्यांचे सदरे इस्त्री करायची. कुणी विचारलं, "सिस्टर ओझेला, दोन्ही कामं कशी जमतात हो?" तर म्हणायची, "काम एकच आहे. इकडे कापडाच्या सुरकुत्या, तिकडे तुमच्या." हसली तर हसली. एरवी बाई तिखट. एकदा मनात धरलं, की धरलंच. तिच्या भावाने, ल्युशियसने, लहानपणी तिची बाहुली विहिरीत टाकली होती. त्याच्या लग्नात तिने केकच्या टेबलाजवळ उभं राहून नवरीला ती गोष्ट सांगितली. असला स्वभाव.

ऑर्गन तिला शिकवला मदर लुव्हेनिया स्ट्रिब्लिंगने. आमच्या चर्चात बायका सगळ्या सिस्टर. म्हाताऱ्या होऊन पांढऱ्या कपड्यात पहिल्या बाकावर बसायला लागल्या, की मदर. लुव्हेनिया तेव्हा अजून सिस्टरच होती आणि हातात कायम पंखा. तो पंखा वारा घ्यायला कमी आणि पोरांच्या डोक्यात घालायला जास्त. "टाळी पहिल्या मात्रेवर कुणी वाजवली? कोण ते? लष्करात भरती व्हायचंय का रे? आपली टाळी दुसरीवर आणि चौथीवर. पहिली मात्रा पायाची, दुसरी हाताची. पाय जमिनीला सांगतो, हात देवाला सांगतो." असं म्हणत ती टपली मारायची, तीसुद्धा बरोबर दुसऱ्या मात्रेवर.

ल्युशियस शनिवारी बारमध्ये गिटार वाजवायचा आणि रविवारी डोळे चोळत चर्चात. चाल तीच. शनिवारी बाई सोडून गेलेली असायची, रविवारी देव भेटलेला असायचा, एवढाच फरक. बारच्या मागच्या दाराशी गोरी पोरं उभी राहून त्याची बोटं बघायची. पुढे त्यांनीच ती चाल उचलली, दुप्पट पळवली, केसांना तेल चोपडलं, आणि रेडिओवाले ओरडायला लागले, रॉक अँड रोल आलं हो, रॉक अँड रोल! ल्युशियस नुसता हसला. ओझेला मात्र भडकली. "दात काय काढतोस? घरातली भांडी कुणी उचलून नेली, तर असाच हसशील का?"

"अगं, भांडी माझीच आहेत हे मला ठाऊक आहे ना?"

"तुला ठाऊक असून काय उपयोग? जेवायला बसलेल्यांना ठाऊक पाहिजे."

हे वाक्य तेव्हा तिने रागात म्हटलं. पुढे तेच तिच्या आयुष्यात येऊन बसलं.

तिला एकच मुलगी होती, नोला. नवरा शिकागोला कामाला म्हणून गेला तो गेलाच, पण नोला होती तेवढ्याने ओझेलाचं घर भरलेलं होतं. सहा वर्षांची असताना पोरीला ताप आला, आणि तो हृदयात उतरला. शेवटच्या संध्याकाळी पोर धड बोलत नव्हती, पण केस विस्कटलेले तिला आवडायचे नाहीत, म्हणून ओझेला तिचे केस विंचरत बसली, आणि विंचरता विंचरता गुणगुणत होती. दारात जरा थांब येशू, मला तिचे केस विंचरू दे. एवढंच. तीच ओळ पुन्हा पुन्हा. वेणी पुरी झाली तेव्हा पोर गेलेली होती.

ते गाणं ओझेलाला वाजवता यायचं, गाता यायचं नाही. म्हणून तिने ते अलोन्झोला दिलं. अलोन्झो म्हणजे मदर लुव्हेनियाचा धाकटा, तेव्हा एकोणीस वर्षांचा. आवाज असा, की बाकावर पेंगणारे डीकन, म्हणजे चर्चचे कारभारीसुद्धा, ताठ बसायचे. पण नुसता आवाज होता, आणि पोराला वाटायचं तेवढं पुरतं. ओझेलाने त्याला बसवून शिकवलं.

"सगळा सूर एकदम देऊन टाकू नकोस. मात्रेच्या जरा मागे राहा, लोकांना वाट बघू दे. सुराला खालून धर, वाकव, मग वर सोड. आणि ओळ संपली की गप्प बस. तू हाक मारायची, उत्तर माझा ऑर्गन देईल. सगळं तूच बोललास, तर बोलणार कुणाशी?"

आणि पट्टी चढवणं शिकवलं. आमच्याकडे गाणं रंगलं, लोक उठून उभे राहिले, की ऑर्गनवाली तीच ओळ अर्धा स्वर वर नेते. तिथे रंगली, की आणखी अर्धा. प्रत्येक वेळी पट्टी चढवायच्या आधी ती ऑर्गन अगदी बारीक करते. ती गायकाची बोलायची जागा. त्या जागेत तो देवाचे आभार मानतो, कुणाचं नाव घ्यायचं ते घेतो, आणि मग वर चढतो. थांबवायचं कधी, ते ऑर्गनवाली ठरवते. गायकाने "पुरे" म्हणायचं नाही. पवित्र आत्मा उतरलेला असताना पुरे म्हणणं म्हणजे माझ्यात काही उतरलेलंच नाही, मी नाटक करत होतो, अशी जाहीर कबुली.

दर वर्षी नोला गेली त्या तारखेच्या जवळच्या रविवारी अलोन्झो ते गाणं म्हणायचा. बोलायच्या जागेत म्हणायचा, "हे सिस्टर ओझेलाच्या नोलासाठी." आणि सगळं चर्च रडायचं. ओझेला रडायची नाही. तिचे हात वाजवत असायचे.

मग तो निघून गेला, गाण्याच्या धंद्यात. चर्चात कुरकुर झाली, पण ओझेलाने त्याची बाजू घेतली. "जाऊ द्या. पोटाला लागतं."

आणि एका दुपारी लाँड्रीत, रेडिओवर, ते गाणं लागलं.

आधी ओळखू आलं नाही. पुढे पितळी वाद्यं, खाली जाड ठेका, आणि बाजूला बायका "ऊऽऽ" करत होत्या. पण उत्तर देणारा ऑर्गन तिचाच होता. वाजवणारा दुसरा, सूर सगळे तिचे. आणि अलोन्झो मात्रेच्या मागे राहून, सूर खालून धरून, वाकवून, अगदी तिने शिकवल्याबरहुकूम गात होता, "दारात जरा थांब, राणी, मला दिवा मालवू दे."

शेजारची पोरगी कंबर हलवत म्हणाली, "काय बाई गाणं आहे! अंगावर शहारा येतो. याला सोल म्हणतात, सिस्टर ओझेला. सोल!"

ओझेलाच्या हातातली इस्त्री एका पांढऱ्या सदऱ्यावर तशीच राहिली. धूर आला तेव्हा मुकादम धावत आला. तिने जळलेला सदरा उचलला, घडी केली, आणि ती घरी निघून गेली.

निम्म्या मेम्फिसची लग्नं त्या गाण्यावर जुळली. गाड्यांच्या काचांतून, बारच्या दारांतून, शेजारणीच्या खिडकीतून तेच. तिच्या लेकीच्या मरणाची संध्याकाळ, आणि लोक त्यावर एकमेकांच्या गळ्यात हात टाकून नाचतायत. रेकॉर्डवर लिहिलेलं, गीत आणि चाल, अलोन्झो स्ट्रिब्लिंग. ओझेला ती रेकॉर्ड घेऊन मदर लुव्हेनियाकडे गेली.

मदर लुव्हेनिया म्हणाली, "लिहीन मी त्याला. सांगेन."

पुढच्या महिन्यात मदरच्या स्वयंपाकघरात नवा कोरा फ्रिज आला. त्यानंतर मदरने तो विषय काढला नाही. ओझेलाने काढला, तर म्हणायची, "थंडगार लिंबूपाणी देऊ का गं?" ओझेलाने त्या घरी पाणी पिणं सोडलं.

अशी दहा वर्षं गेली. राग शिळा होतो म्हणतात. होत असेल लोकांचा. ओझेलाचा मुरला.

ल्युशियसचा मुलगा टायरी चर्चात ड्रम वाजवायचा. टायरच्या कारखान्यात कामाला होता, दोन पोरांचा बाप, पण रेकॉर्डींचा भलता शौक. तो आत्याला ऐकवायचा. "आत्या, आता सोल मागे पडलं. आता फंक. बघ, सगळे वेगवेगळं वाजवतात, गिटार नुसती खरवडतात, बास एकीकडे, ड्रम दुसरीकडे, पण पहिल्या मात्रेवर सगळे एकत्र येऊन आदळतात. ती एक पकडली, की मधे काय वाट्टेल ते करा. सूर बदलायचेच नाहीत. एकाच सुरावर अख्खं गाणं."

"म्हणजे आपली भक्ती शिगेला गेल्यावर आपण वाजवतो तेच की. लोक नाचतात, आणि शेवट करायचं कुणाला भान नसतं."

"तेच! फक्त त्यांनी शेवटच पहिल्यापासून सुरू केलाय."

एकदा त्याने विलायतेतल्या कारखान्याच्या गावच्या पोरांची रेकॉर्ड लावली. गिटारच्या तारा ढिल्या करून आवाज जाड केलेला, चाल सावकाश, घरातली कपाटं थरथरायला लागली. ओझेला कान देऊन ऐकत राहिली. मग म्हणाली, "हा तर ल्युशियसचा ब्लूज आहे रे. लोखंडी बूट घालून चाललाय. आणि तो वाकडा सूर, तो ऐकलास? प्रवचनात सैतानाचं नाव आलं, की मी तोच वाजवते. ही पोरं सगळं गाणंच त्यावर उभं करून बसलीत."

"आवडलं?"

"चोरी आहे. पण निदान तोंड वाकडं करून खरं म्हणतायत."

त्या वर्षी, म्हणजे १९७४ साली, मे महिन्यात मदर लुव्हेनियाचा सन्मान करायचं चर्चाने ठरवलं. आणि बातमी आली, अलोन्झो येतोय. त्याचं दुकान तोवर बसलं होतं. फंक करायला गेला, पण पहिल्या मात्रेवर आदळायला त्याच्यापेक्षा तगडी पोरं आली होती. आता कंपनीच्या डोक्यात आलं, याला त्याच्या गावच्या चर्चात नेऊन जुनंच गाणं गाऊन घ्यावं, लोकांच्या आरोळ्यांसकट टेपवर घ्यावं. रेव्हरंड डॉकेट खूश. मदर लुव्हेनिया तर आठवडाभर टोपी निवडत होती.

टायरी म्हणाला, "आत्या, तू त्या दिवशी आजारी पड. मी दुसरा कुणी बघतो."

"आजारी? मी? दहा वर्षांत मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं."

शनिवारी दुपारी अलोन्झो तालमीला आला. हातात अंगठ्या, मखमलीचा कोट, पायात उंच टाचेचे बूट. कंपनीचा एक यंत्रवाला टेपसाठी भिंतीकडेने तारा ओढत होता. अलोन्झोने ओझेलाला मिठी मारली. तिने मारू दिली.

"सिस्टर ओझेला! काही बदलला नाहीत हो तुम्ही!"

"तू मात्र उंच झालास. बुटांमुळे."

तो खदखदून हसला. ऑर्गनशी टेकून म्हणाला, "काळी चारच्या पट्टीत घ्या. आताशा तीच बरी पडते मला."

"घेते काळी चारमध्ये. एक विचारू? उद्या बोलायच्या जागेत नोलाचं नाव घेशील? पूर्वी घ्यायचास तसं. हे गाणं तिचं आहे, तिच्या आईने केलं, एवढंच. मला दुसरं काही नको."

अलोन्झोने यंत्रवाल्याकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "सिस्टर, ऐका ना. ते टेपवर जाणार. वकील असतात, भानगडी असतात. आणि गाणी काय, तुमची माझी असतात का? गाणी देवाची."

"रेकॉर्डवर देवाचं नाव दिसलं नाही मला. तुझं दिसलं."

"जुन्या गोष्टी कशाला उकरता? आईचा दिवस आहे."

"बरोबर आहे तुझं," ओझेला म्हणाली, आणि काळी चारचा सूर लावून दिला. "चल, गाऊन बघ."

त्याने म्हटलं. ती त्याच्यामागून अगदी मऊ चालली. ड्रमवर टायरी बसला होता, त्याला आत्याचा चेहरा समोरून दिसत होता, आणि तो मला पुढे म्हणाला, "तिला मी इतकी गोड वाजवताना कधी ऐकलं नव्हतं. तेव्हाच ओळखलं, काहीतरी शिजतंय." तालमीत अलोन्झोने हात वर केला, मुठीत आवळला, आणि सगळे थांबले. त्याच्या कार्यक्रमात तशीच पद्धत. त्याने मूठ आवळली, की पंधरा माणसं कापल्यासारखी गप्प होत. त्याला वाटलं, इथेही तसंच. मेल्याला दहा वर्षांत एवढाही विसर पडावा, की माउंट नीबोमध्ये ड्रमवाला गायकाच्या हाताकडे बघत नाही, ऑर्गनकडे बघतो! तालमीत ते थांबले, कारण ओझेला थांबली.

रविवारी चर्चात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मदर लुव्हेनिया पहिल्या बाकावर, पांढरी टोपी, कोटावर गुलाब. पंखे हलत होते. अलोन्झो उभा राहिला तेव्हा बायकांनी असा चीत्कार केला, की रेव्हरंडांना हात वर करावे लागले.

"दारात जरा थांब..."

तो "येशू" म्हणाला. चर्चात होता, शहाणाच होता. लोकांनी पहिल्याच ओळीला टाळी धरली, दुसरीवर आणि चौथीवर. "सावकाश, बाळा, सावकाश होऊ दे!" म्हणून म्हाताऱ्या ओरडल्या. आवाज अजून होता त्याच्यात, खोटं कशाला बोला. घासून खडबडीत झालेला, पण होता. गाणं शेवटाला आलं, तीच ओळ फिरायला लागली, लोक उठून उभे राहिले. यंत्रवाल्याने खुशीत अंगठा वर केला.

ओझेलाने ऑर्गन बारीक केला. पहिली जागा. तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

अलोन्झो म्हणाला, "मला माझ्या आईचे आभार मानायचेत!" चर्च उसळलं. ओझेलाने पट्टी चढवली, पांढरी सहा.

तो गायला. छान गायला. पुन्हा बारीक. पुन्हा तिने पाहिलं. "माझ्या देवाचे आभार, ज्याने मला रस्त्यावरून उचललं!" काळी पाच. आता त्याच्या मानेच्या शिरा वर आल्या. टायरीने ठेका घट्ट केला, बायका बाकांमधल्या वाटेत नाचायला लागल्या, लोकांना सांभाळायला नेमलेली एक उशेरीण धावत जाऊन कुणाला तरी सावरत होती. अलोन्झोने हसत हसत हात वर केला आणि मूठ आवळली.

कुणीही थांबलं नाही.

त्याने पुन्हा आवळली. टायरीने आत्याकडे पाहिलं. आत्याने हनुवटी हलवली, चालू दे. अलोन्झो वळला, आणि दहा वर्षांत पहिल्यांदा त्याला समजलं तो कुठे उभा आहे. त्याच्या डोळ्यांतली भीती ओझेलाने पाहिली आणि तिच्या अंगातून सुखाची शिरशिरी गेली. होय, सुखाची. चर्चात बसून, रविवारी, तिला एवढं बरं वाटलं की पाय आपोआप खालच्या पट्ट्यांवर नाचायला लागले. कर, आवळ मूठ. पुन्हा आवळ.

तिसरी जागा. ऑर्गन इतका बारीक, की पंख्यांचा आवाज येत होता. एक नाव, दोन अक्षरं. घे आणि सुट. आजवर तिने कुणालाही इतकी मोठी जागा दिली नव्हती. अलोन्झोने ओठांवरून जीभ फिरवली, यंत्राकडे पाहिलं, आणि म्हणाला, "माझ्या... माझ्या रेकॉर्ड कंपनीचे आभार."

"वा रे वा!" ओझेला दातांतल्या दातांत म्हणाली आणि तिने त्याला पांढरी सातवर नेलं.

तिथे आवाज फाटला. आधी टोकाला, मग मधेच, कापड टरकावं तसा. पण आमचे लोक! फाटलेला आवाज म्हणजे आत्म्याने धरलेला माणूस, अशी आमची समजूत. ते आणखी चेकाळले. "गा रे बाळा! सोडू नकोस त्याला!" जितका तो तुटत होता, तितके ते त्याला ढकलत होते. रेव्हरंडांचे डोळे भरून आले होते. मदर लुव्हेनिया एकटीच टाळी वाजवत नव्हती. तिनेच ओझेलाला पट्टी चढवायला शिकवलं होतं. ती बाकावरून अर्धी उठली आणि तिने ऑर्गनकडे बघून मान हलवली. नको. पुरे, पोरी.

ओझेलाने पाहिलं. तिला तो नवा फ्रिजही आठवला. तिने आणखी अर्धा स्वर चढवला.

त्या पट्टीत अलोन्झो फार टिकला नाही. ओरडला, खोकला, पुन्हा ओरडला, आणि मग नुसता वारा यायला लागला. तेव्हा तिने शेवटची जागा दिली. हात उचलले, पाय उचलले. टायरी थांबला. लोक हालेलुया, हालेलुया करत होते. अलोन्झो लोकांकडे पाठ करून ऑर्गनकडे वळला. घामाने मखमल काळी पडली होती, डोळ्यांतून पाणी येत होतं. आणि तो बोलला.

जीभ दातांमागे लागली. ओठ गोल झाले. मग तोंड उघडलं, जीभ वर लागून खाली आली. नोला. पुन्हा म्हणाला, नोला. आवाज नव्हता. श्वाससुद्धा धड नव्हता. यंत्राच्या माइकला काही मिळालं नाही, मागे उभ्या असलेल्या शेकडो लोकांना काही मिळालं नाही. दहा वर्षं जी दोन अक्षरं तिला त्या आवाजात हवी होती, ती त्याने दिली, आणि तो आवाज तिने हातापायांनी नुकताच मोडून टाकला होता.

दया आली का ओझेलाला? मी विचारलं होतं. म्हणाली, "राग आला. एवढ्या वेळा दार उघडलं, आणि हा शिरला कधी, तर घर पडल्यावर." तिच्या उजव्या हाताशी रेव्हरंडांचा माइक होता. उभं राहून एक वाक्य म्हटलं असतं, की ऐका, हा आत्ता माझ्या मुलीचं नाव घेतोय, तर सगळ्या चर्चाला आणि त्या टेपलाही कळलं असतं. तिने आमेन वाजवलं.

अलोन्झोला मानेभोवती टॉवेल गुंडाळून दोघांनी गाडीत घातलं. डॉक्टरने त्याला बोलायची बंदी केली, आणि गळा पुढे कधी पूर्ण जुळला नाही. कंपनीने ती टेप बाजारात आणलीच नाही.

चर्चाच्या तळघरात जेवणं चालू होती. तळलेली कोंबडी, उकडलेला पाला, मक्याची भाकरी. लोक येऊन ओझेलाचा हात दाबत होते, "सिस्टर, आज आत्मा उतरला हो!" ती म्हणत होती, "उतरला ना." ती ताट घेऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली, तशी मदर लुव्हेनिया काठी टेकत आली आणि समोर बसली. टोपी कलंडली होती. कुणीतरी तिच्यापुढे ताट ठेवून गेलं.

"मुद्दाम केलंस," मदर म्हणाली.

"हो."

"मला कळलं होतं. तिसऱ्या वेळेलाच कळलं. मीपण म्हणत होते मनात, घे रे, नाव घे मेल्या, घे." "मी तेव्हा बोलायला हवं होतं गं. नाही बोलले. माझी चूक झाली. मला एवढंच सांग. शेवटी तो तुझ्याकडे वळला. त्याची पाठ होती आमच्याकडे. पण काहीतरी म्हणाला, खांदे हलले त्याचे. नाव घेतलं ना त्याने? लेकरू शेवटी माझंच आहे. घेतलं ना?"

ओझेलाने भाकरीचा तुकडा मोडला, पाल्याच्या रशात बुडवला.

"मला काही ऐकू आलं नाही, मदर."

"नीट आठव, पोरी. म्हातारीवर उपकार कर."

"नीट आठवूनच सांगते. मला काही ऐकू आलं नाही."

मदर लुव्हेनिया तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने हातातला काटा खाली ठेवला, आणि मला घरी सोडा म्हणून कुणाला तरी हाक मारली. ती गेल्यावर ओझेलाने आपलं ताट संपवलं, आणि मदरचं न शिवलेलं ताट पुढ्यात ओढून तेही संपवलं. सकाळपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता.